विंडोज १० वरून ११: डीटीपीच्या दुकानातला अनुभव आणि एक अडलेला प्रश्न

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कराडला माझं डीटीपी आणि छोट्या छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांची वर्गणीची पुस्तकं, असं काम. दुकानात दोन डेस्कटॉप. एक आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, दुसरा त्याच्या आधीचा, सातव्या पिढीचा आय-थ्री. दोन्हींवर विंडोज १० सुखाने नांदत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आणि विषय टाळता येईना. पहिलं मशीन मी ११ वर नेलंय, दुसरं अडलंय. यूट्यूबवर या विषयाचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण ते घरच्या लॅपटॉपपुरते. डाँगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावून ठेवायची किल्ली), जुने मराठी फॉन्ट, पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) यांचं काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आय-फाइव्हवर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' (मशीनवर ११ चालेल का ते तपासणारं) आधी चालवलं. ते म्हणालं, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) सापडत नाही. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहे, रॅम ८ जीबी आहे, एसएसडी आहे, तरी नापास. असेम्बल केलेल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये टीपीएमची वेगळी चिप नसते. ती सोय प्रोसेसरमध्येच असते, पण बोर्डावर बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारं बोर्डाचं सेटिंग) इंटेलच्या बोर्डांवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. ती चालू केली आणि 'रन'मध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' टाकलं की आवृत्ती २.० दिसली पाहिजे.

पुढची अडचण डिस्कची. बोर्ड लेगसी मोडमध्ये, म्हणजे बूट होण्याच्या जुन्या पद्धतीवर, आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची. ११ ला यूईएफआय ही नवी पद्धत लागते आणि तिला जीपीटी मांडणीची डिस्क. पण यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही, हे ठासून सांगतो, कारण 'सगळं उडवावं लागेल' असं सांगून गावोगावी पैसे घेतले जातात. विंडोज १० मध्येच 'एमबीआरटूजीपीटी' ही कमांड आहे. आधी तिला 'व्हॅलिडेट' सांगायचं, म्हणजे ती फक्त तपासते, काही बदलत नाही. हिरवा कंदील मिळाला तर 'कन्व्हर्ट'. चालू विंडोजमधून करायचं असेल तर सोबत 'अलाऊफुलओएस' जोडावं लागतं. हे झाल्यावरच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) बंद करायचं. क्रम उलटा झाला तर मशीन 'बूट डिस्क सापडत नाही' म्हणतं आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. बॅकअप या सगळ्याच्या आधी, दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क केबल काढून बाजूला ठेवलेली.

प्रत्यक्ष अपग्रेड बिनबोभाट झालं. फाइली जागच्या जागी, प्रोग्राम जागच्या जागी. नाही पटलं तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधून परत १० वर जाता येतं, त्यासाठी 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर तेवढे दिवस पुसू नका.

खरी कसरत त्यानंतर. आमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं, यूएसबी डाँगलवर चालणारं. जुन्या फाइली उघडत होत्या, अक्षरं नीट दिसत होती, कारण फॉन्ट बसलेलेच होते. पण टायपिंग सुरू केलं की 'डाँगल सापडत नाही'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. ते मी अजून सोडवू शकलेलो नाही.

दुसरं, दोन्ही मशीनमधलं फोल्डर शेअरिंग बंद पडलं. आय-थ्रीवर 'कामे' नावाचं फोल्डर बिनपासवर्डचं शेअर केलेलं होतं, ते ११ वरून उघडेना. शोधल्यावर कळलं की ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असं पाहुणा म्हणून, बिनपासवर्डचं आत जाणं बंद केलंय. आय-थ्रीवर पासवर्डसह एक वेगळा यूजर काढला, ११ वरून त्या नावाने लॉगिन केलं, काम झालं. हा बदल मला पटला. आधी दुकानाच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही ते फोल्डर उघडता येत होतं.

तिसरं सवयीचं. आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या ताई टास्कबार डाव्या कडेला उभा ठेवायच्या, म्हणजे ए-फोर पानाला उंची मिळते. आमच्याकडे आलेल्या ११ मध्ये तो तसा लागत नाही. राइट-क्लिकचा मेनू छोटा झालाय, जुना हवा तर शिफ्ट-एफ१० दाबावं लागतं. दिवसभर शेकडो वेळा करायच्या गोष्टीत एक पायरी वाढली की हात दुखतात, ही ताईंची तक्रार अगदी रास्त आहे.

आता फायदे. दोन मॉनिटर असतील तर ११ ला तोड नाही. दुसरा मॉनिटर बंद करून चालू केला तरी खिडक्या आपापल्या जागी परत येतात. विन-झेड दाबून एका बाजूला गिऱ्हाइकाने पाठवलेला हस्तलिखिताचा फोटो, दुसऱ्या बाजूला पान, अशी मांडणी क्षणात होते, मुद्रितशोधनाला फार उपयोगी. फाइल एक्स्प्लोररला टॅब आलेत. गिऱ्हाइकं मेलवर आरएआर फाइली पाठवतात, त्या वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय उघडतात. पेजमेकर ७ चालतंय. २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्यामुळे यापुढे त्याच्या भरवशावर राहू नये हे मला कळतं, पण आज चालतंय.

आता प्रश्न. तो आय-थ्री. टीपीएम आहे, एसएसडी आहे, दिवसभर राबतो. फक्त प्रोसेसर यादीत नाही. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन तयार होत नाही. काय करावं? आणि डाँगलचं कुणाला काही माहीत आहे का?

नेटकर

उत्तम लिहिलंय. एमबीआरटूजीपीटीचा क्रम इतक्या स्पष्टपणे मराठीत प्रथमच वाचला.

आधी डाँगल. विंडोज सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन उघडा. तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल. ती कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासते आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्यांना दारातच अडवते. तिथेच 'विसंगत ड्रायव्हर' अशी यादी दिसते, त्यात तुमच्या डाँगलच्या ड्रायव्हरची फाइल असणार. सोपा उपाय म्हणून लोक मेमरी इंटिग्रिटी बंद करतात. कृपया करू नका, ११ वर येण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. डाँगलवर बारीक अक्षरात ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. फॉन्टवाल्यांची सीडी विसरा, डाँगल बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आजचा ड्रायव्हर घ्या. आधी जुना काढायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, डाँगल न लावता नवा बसवायचा आणि मग डाँगल लावायची.

आता प्रोसेसरच्या यादीबद्दल. टीपीएममध्ये किल्ल्या सुरक्षित राहतात, सिक्युअर बूटमुळे सुरुवातीलाच घुसणारे व्हायरस अडतात, हे सगळं मान्य. मेमरी इंटिग्रिटी वेगाने चालायला प्रोसेसरमध्ये एक सोय लागते, तिचं लघुनाम एमबीईसी. ती इंटेलच्या सातव्या पिढीपासून आहे. म्हणजे तुमच्या आय-थ्रीमध्ये ती आहे! आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेतले प्रोसेसर यादीत आहेत, ज्यांच्यात ती नाही. त्यामुळे रेघ सातव्या आणि आठव्या पिढीच्या मधोमध का ओढली, याचं तांत्रिक समर्थन मला तरी करता येत नाही. जगभरातली चांगली चालणारी मशीन या एका रेघेमुळे बाजूला पडली, आणि मला याचा मनापासून राग येतो.

तुमच्या मशीनसाठी तातडीची सोय म्हणजे ईएसयू, म्हणजे विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट. वैयक्तिक वापराच्या मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीनवर २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. तीन वाटा आहेत: सेटिंगचा बॅकअप खात्यात चालू केला तर पैसे नाहीत, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर. एका नोंदणीत १० मशीन बसतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक असते. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर. तुमचं दुकान आहे, तेव्हा अटी वाचून ठरवा.

जुनी_सायकल

एक विचारतो. माझ्याकडे घरी विंडोज १० आहे, अँटिव्हायरस आहे, मी भलत्या साइटवर जात नाही. अपडेट थांबले तर असं काय आकाश कोसळणार आहे? एवढी उरस्फोड करण्यापेक्षा आहे तसं चालवलं तर?

नेटकर

प्रश्न योग्य आहे, बहुतेकांच्या मनात तोच असतो. २०१७ सालचं वॉनाक्राय आठवा. १२ मे ला ते पसरलं. त्याचं छिद्र बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. सर्वाधिक फटका बसला तो विंडोज ७ च्या, अपडेट न केलेल्या मशीनना. महत्त्वाचं म्हणजे त्या लोकांनी कुठल्या भलत्या लिंकवर क्लिक करण्याची गरजच नव्हती. फोल्डर शेअरिंगच्या यंत्रणेतून ते एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होतं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

अँटिव्हायरस ओळखीच्या चोराला पकडतो. भिंतीला पडलेलं भगदाड तो बुजवू शकत नाही. विंडोज ११ साठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट येतात, तेव्हा त्यात कोणती छिद्रं बुजवली ते जाहीर होतं. त्यातली कित्येक छिद्रं १० मध्येही असतात. म्हणजे १० ला कुठून शिरायचं याचा नकाशा दर महिन्याला हल्लेखोरांच्या हातात पडतो. आज काही होणार नाही, उद्याही कदाचित नाही. पण धोका दर महिन्याला वाढत जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हिशेबनीस

कोल्हापुरात करसल्लागार आहे. माझा मुद्दा फक्त वेळेचा. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांत जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २० तारीख. ९ ते २० च्या दरम्यान ऑफिसच्या कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी अपग्रेड. शनिवारी तपासणी. डिजिटल सहीचं टोकन चालतंय का, त्याचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतोय का, टॅली उघडतंय का, प्रिंट निघतेय का. सोमवारी लोक कामावर येईपर्यंत सगळं जागेवर.

दुसरी एक गोष्ट कळकळीने सांगते. माझ्या एका अशिलाने नवं मशीन घेतलं, विंडोज ११ टाकूनच आलं. दुकानदाराच्या पोराने सेटअप करताना खातं मागितलं म्हणून स्वतःच्याच ईमेलवर खातं काढलं. ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. काही महिन्यांनी बायोस अपडेट झाला, मशीनने निळ्या पडद्यावर ती की मागितली. की कुणाच्या खात्यात? त्या पोराच्या. तो नोकरी सोडून गेलेला. कसाबसा सापडला आणि की मिळाली, नाहीतर तीन वर्षांचे हिशेब कायमचे कुलूपबंद झाले असते.

तेव्हा मंडळी, आजच बघा. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का, खातं कुणाच्या ईमेलवर आहे, की कुठे आहे. की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. त्याच मशीनवर फाइल करून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

पाना_पक्कड

हिशेबनीसताईंच्या मुद्द्याला जोडून. मी डेस्कटॉप दुरुस्तीचं काम करतो. जुन्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला की बायोसचं सगळं सेटिंग मूळ पदावर येतं. मूळ पद म्हणजे काय? पीटीटी बंद, सीएसएम चालू. म्हणजे कृष्णाकाठ दादांनी एवढी मेहनत घेऊन केलेलं सगळं पुसलं जातं. मशीन एकतर बूटच होत नाही, किंवा डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ४८ आकडे मागतं. पॉवर सप्लाय बदला, रॅम बदला, लोक हजारो रुपये घालवतात आणि दोष असतो त्या सेलचा. घड्याळ मागे पडायला लागलं की समजायचं सेल चालला. पाच-सात वर्षांच्या मशीनवर अपग्रेड करताना सेल आधी बदला. किराणा दुकानातही मिळतो.

आय-थ्रीबद्दल: रुफस हे सॉफ्टवेअर वापरून विंडोजचा पेन ड्राइव्ह केला की यादीत नसलेल्या मशीनवरही ११ चढतं. सातव्या पिढीवर चालतंही चांगलं. पण मी धंद्याच्या मशीनवर हे करून देत नाही. मायक्रोसॉफ्ट सरळ सांगतं की अशा मशीनना अपडेटचा हक्क नाही. आज मिळतात, पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. २४एच२ पासून तर कोअर टू डुओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर ११ सुरूच होत नाही, कारण त्यांच्यात लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत. तुमच्या आय-थ्रीला ती भीती नाही, तरी पुढच्या आवृत्तीत काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

बदलायचंच असेल तर नवं कोरं घेऊ नका. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले आठव्या-नवव्या पिढीचे डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, टीपीएम असलेले, मजबूत. फक्त एवढं बघा की बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड नाही ना.

वाशिष्ठी

मी चिपळूणची, निवृत्त शिक्षिका. तांत्रिक बाबतीत इथल्या लोकांइतकं मला कळत नाही, पण माझा मार्ग वेगळा आहे म्हणून लिहिते. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे नाहीत, खातं काढावं लागत नाही.

मला भीती मराठीची होती. ती अनाठायी ठरली. इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जोडला की झालं, वेगळं काही टाकावं लागलं नाही. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वऱ्हाड' मधला तो अर्धा र अनेकांना जमत नाही आणि ते 'दर्या' लिहून मोकळे होतात, अर्थच बदलतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी दाबून हलन्त, मग य किंवा ह. हे विंडोजवरही असंच आहे. म्हणजे एकदा इन्स्क्रिप्ट शिकलं की यंत्रणा कुठलीही असो, बोटांना काही फरक पडत नाही. मी शाळेत मुलांना हेच शिकवत असे.

त्रास झाला नाही असं नाही. प्रिंटर जुना होता, त्याला लिनक्सचा धड ड्रायव्हर मिळाला नाही, शेवटी दुसरा घेतला. लिब्रेऑफिसमध्ये (तिथलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) वर्डच्या फाइलींची तक्त्यांची मांडणी कधी कधी सरकते. शाळेची जुनी पत्रं डीव्हीबी या जुन्या मराठी फॉन्टमधली आहेत, ती आधी नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसली. तो फॉन्ट घरच्या फोल्डरमध्ये टाकल्यावर व्यवस्थित वाचता आली.

तुमच्या दुकानाला हे चालेल असं मी म्हणणार नाही. पेजमेकर, कोरल तिथे नाहीत. पण बिलं, ईमेल, इंटरनेट एवढ्यासाठी तो आय-थ्री वापरायचा असेल तर विचार करा.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत असतो. इथे युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० चे वाढीव अपडेट मोफत मिळतात, सेटिंगचा बॅकअप चालू करण्याची अटही नाही. युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने पाठपुरावा केला, त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ही सवलत जाहीर झाली. खात्याने अधूनमधून लॉगिन मात्र करावं लागतं. नाशिकला आईबाबांचं मशीन अगदी तसंच आहे आणि त्यांना ही सवलत नाही. ग्राहकांनी एकत्र येऊन मागितलं की मिळतं. आपल्याकडे ग्राहक चळवळीची मोठी परंपरा आहे, तिने संगणकाकडेही वळावं असं मला फार वाटतं.

अनुस्वार

कृष्णाकाठ, तुमच्या धाग्यात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, पेजमेकरच्या भरवशावर राहू नये. माझ्या मते खरा विषय तो आहे. तुम्हाला आय-थ्री ठेवावासा वाटतो तो प्रोसेसरसाठी नाही. त्यावर डाँगल चालते, फॉन्ट चालतात आणि वीस वर्षांचं काम त्या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे म्हणून. ११ सोडा, १२ आलं तरी प्रश्न तोच राहील.

मी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणण्याचं काम करतो. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. पडद्यावर जसं दिसतं त्याच क्रमाने साठवलेलं असतं. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी, क नंतर. रफार शेवटी, अक्षराच्या डोक्यावर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी क, मग वेलांटी, 'सूर्य'मध्ये आधी र आणि हलन्त, मग य. कन्व्हर्टरला त्यामुळे तुकडे नुसते बदलून चालत नाही, जागाही बदलाव्या लागतात. 'मूर्ती', 'वर्षांनी', 'कर्त्यांचा' अशा शब्दांत तो हमखास अडखळतो, कारण रफाराबरोबर काना, वेलांटी किंवा अनुस्वारही त्याच अक्षरावर येतात. पहिली वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलं, उदाहरणार्थ 'स्थिती', 'शक्तिमान', की वेलांटी अर्ध्या अक्षरापाशीच थांबते.

हे कष्टाचं काम आहे. पण एकदा केलं की तो मजकूर मोबाइलवर वाचता येतो, शोधता येतो, व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. गिऱ्हाईक आज तुम्हाला मजकूर युनिकोडमध्येच पाठवतं, तुम्ही तो पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेता आणि त्यात चुका शिरतात. इन्स्क्रिप्टची सवय नसेल तर विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) आत आहे, ११ मध्येही आहे, डाँगल लागत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

नेटकर, यादीत डाँगलचाच ड्रायव्हर होता. बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर तुम्ही सांगितलेल्या क्रमाने बसवला. पिवळं चिन्ह गेलं, टायपिंग सुरू झालं, मेमरी इंटिग्रिटी चालूच आहे. पाना_पक्कड, दोन्ही मशीनचे सेल बदलले. हिशेबनीसताई, खातं माझ्याच ईमेलवर आहे, की कागदावर उतरवून घरी ठेवली.

आय-थ्रीचं असं ठरवलंय. इंटरनेटची केबल काढून टाकायची. ते मशीन फक्त जुन्या फाइली उघडून छापण्यासाठी. नवं काम ११ वर, युनिकोडमध्ये. जुन्यातलं जे दरवर्षी परत लागतं तेवढंच आधी बदलायचं: पतसंस्थांचे अहवाल, शाळांची प्रमाणपत्रं, लग्नपत्रिकांचे ठरलेले मजकूर. ताईंना फोनेटिक नको, त्यांना टाइपरायटरच्या मांडणीची सवय आहे. त्यावर काही उपाय आहे का? आणि अनुस्वार, अहवालात आकडे फार असतात. कन्व्हर्ट करताना आकड्यांचं काही बिघडतं का? ताळेबंदात एक आकडा जरी बदलला तरी पतसंस्थेला आणि मला दोघांनाही महागात पडेल.

अनुस्वार

टाइपरायटरच्या मांडणीचे युनिकोड कळफलक मिळतात, ताईंना त्यांचाच हात ठेवता येईल. फक्त पहिली वेलांटी आधी दाबायची की नंतर, हे प्रत्येक कळफलकात वेगळं असतं, तेवढं घेण्याआधी तपासा.

आकड्यांची काळजी अगदी योग्य आहे. काही जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्याच जागी असतात, काहींमध्ये वेगळ्या जागी. कन्व्हर्टरचा तक्ता चुकीच्या फॉन्टचा निवडला तर अक्षरांत लगेच गोंधळ दिसतो, आकड्यांत दिसत नाही. म्हणून ताळेबंदाचे तक्ते कन्व्हर्ट करूच नका. मजकूर तेवढा बदला, आकडे एक्सेलमधून नव्याने आणा आणि बेरजा तिथेच जुळवून घ्या. स्वल्पविराम, टक्क्याचं चिन्ह, कंस हेही जुन्या फॉन्टमध्ये भलत्या जागी असतात, तेव्हा पहिल्या अहवालाचं एक पान छापून जुन्या छापील पानाशेजारी ठेवून ताईंकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. कुठली अक्षरं चुकतायत ती यादी मला इथे द्या, मी त्या फॉन्टचा तक्ता दुरुस्त करून देतो.